बावन्न पत्ते, सव्वीस अक्षरं : पत्त्यांच्या खेळातून इंग्रजी मुळाक्षरे



आपल्या वर्गात एक गंमत नेहमी दिसते. पहिली-दुसरीच्या मुलांना 'ए बी सी डी म्हणा' असं सांगितलं की अख्खा वर्ग एका सुरात, न थांबता झेडपर्यंत जातो. पाहुणे आले तर टाळ्याही पडतात. मग फळ्यावर एकच अक्षर काढा, समजा के, आणि विचारा, 'हे कोणतं?' निम्मा वर्ग गप्प होतो. दोन-तीन मुलं बोटं मोडत पुन्हा ए पासून म्हणायला लागतात. म्हणजे गाणं पाठ झालेलं असतं, अक्षरं ओळखीची झालेली नसतात.

महाराष्ट्रात जून २००० पासून सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीची गाठ पाचवीत पडायची. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच पुणे जिल्ह्याचे. त्यांच्या या निर्णयामागे साधा विचार होता : खेड्यातल्या मुलाला इंग्रजी उशिरा मिळते म्हणून तो मागे राहू नये. आज त्या निर्णयाला दोन तपं उलटून गेली. इंग्रजी पहिलीत आली खरी, पण ती प्रत्येक मुलापर्यंत पोचली का, हे आपण आपल्या वर्गापुरतं तरी तपासलं पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडे जास्त का बोचतो?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे दोन चेहरे आहेत. पूर्वेला नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर. टोमॅटो, कांदा, ऊस, बाजारपेठ, जागोजागी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या. पश्चिमेला घाटमाथा. भीमाशंकर, आहुपे, डिंभे धरणाच्या मागची गावं, आपटाळ्याच्या पुढचा डोंगर, घाटघर, नाणेघाट. इथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्या आहेत, भात आणि हिरडा हेच उत्पन्न, आणि शाळा बहुतेक द्विशिक्षकी. पट कमी, वर्ग चार, शिक्षक दोन.

या वाडीवरचं मूल घरी जी बोली बोलतं, ती पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. म्हणजे त्याच्यासाठी पुस्तकी मराठी हीच नवी गोष्ट. त्यावर इंग्रजी. भाताच्या आवणीच्या दिवसांत किंवा हिरड्याच्या हंगामात मूल आठ-दहा दिवस शाळेत दिसत नाही. ते परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. चौथी झाली की हेच मूल घोडेगाव, जुन्नर, मंचर किंवा ओतूरच्या मोठ्या शाळेत नाही तर आश्रमशाळेत जातं. तिथे पहिल्या आठवड्यात फळ्यावर इंग्रजी वाक्य येतं, आणि ज्याला अक्षर ओळखता येत नाही तो मागच्या बाकावर सरकतो. एकदा मागे सरकलेला मुलगा पुढे यायला फार वेळ लागतो. पुष्कळदा येतच नाही. पुढे बीजगणितात एक्स येतो, भूमितीत त्रिकोण ए बी सी येतो, आणि इंग्रजीची भीती गणितातही शिरते.

म्हणून २६ अक्षरं ही लहान गोष्ट नाही. चौथी संपण्यापूर्वी प्रत्येक मुलाला ती मोठ्या आणि लहान अशा दोन्ही रूपांत, कोणत्याही क्रमाने दाखवली तरी ओळखता आली पाहिजेत. हे काम रट्ट्याने होत नाही. एकच अक्षर शंभर वेळा डोळ्यांपुढून जावं लागतं, आणि तेही कंटाळा न येता. शंभर वेळा तीच गोष्ट आनंदाने पाहायला लावणारी एकच वस्तू आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. पत्त्यांचा जोड!

गंमत पाहा : २६ अधिक २६

इंग्रजीची मोठी अक्षरं २६, लहान अक्षरं २६. बेरीज ५२. पत्त्यांच्या जोडात पानंही ५२! हा निव्वळ योगायोग आहे, पण आपल्या कामाचा आहे. मुलांना जे खेळ आधीच येतात (भिकार-सावकार, बदाम सात) तेच थोडे फिरवले की इंग्रजी मुळाक्षरांचा पाठ तयार. नवीन खेळ समजावण्यात तास जात नाही. मोठी भावंडं धाकट्याला शिकवू शकतात.

खेळाकडे वळण्याआधी मुलाची अडचण नेमकी कुठे असते ते समजून घेऊ. चार अडचणी आहेत.

पहिली अडचण : मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच असतो. 'क' ला आपण क म्हणतो आणि वाचतानाही क च वाचतो. इंग्रजीत तसं नाही. बी, डी, जे, के, पी, टी, व्ही, झेड यांच्या नावात आवाज सुरुवातीला ऐकू येतो. एफ, एल, एम, एन, आर, एस, एक्स यांच्या नावात तो शेवटी येतो. आणि एच, डब्ल्यू, वाय यांची तर कमालच : एचच्या नावात 'ह' नाही, डब्ल्यूच्या नावात 'व' नाही, वायच्या नावाची सुरुवात 'य' ने होत नाही. सी आणि जी दोन-दोन आवाज काढतात. तेव्हा मूल 'एच म्हणजे च' असं म्हणालं तर त्याला हसू नका. त्याने मराठीचा नियम प्रामाणिकपणे लावलेला असतो.

दुसरी अडचण : मोठं आणि लहान अक्षर ही कल्पनाच मराठीत नाही. सुदैवाने सगळ्या २६ जोड्या सारख्या अवघड नाहीत. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड या सात अक्षरांची दोन्ही रूपं सारखीच, फक्त आकार कमी-जास्त. एफ, आय, जे, के, एम, पी, टी, यू, वाय ही नऊ अक्षरं एकमेकांच्या जवळची. खरी मेहनत उरलेल्या दहांवर लागते : ए, बी, डी, ई, जी, एच, एल, एन, क्यू, आर.

तिसरी अडचण : उलटं-सुलटं. आपलं देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं, म्हणून त्याची वरची बाजू कोणती हे मुलाला लगेच कळतं. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आणि त्याच्या डोक्यावर रेघ नसते. लहान बीचं पोट उजवीकडे, लहान डीचं डावीकडे. लहान बी उलटा धरला की क्यू होतो, डी उलटा धरला की पी, एन उलटा धरला की यू. मोठा एम उलटा धरला की डब्ल्यूसारखा दिसतो, आणि मोठा झेड आडवा केला की एन! मुलं गोल बसून खेळतात, म्हणजे समोरच्याला पान उलटंच दिसणार. म्हणून लक्षात ठेवा, प्रत्येक पत्त्यावर अक्षराच्या खाली लाल रेघ मारायचीच. मुलांना सांगायचं, 'मराठी अक्षर दोरीवरच्या कपड्यासारखं लटकतं, इंग्रजी अक्षर ओट्यावर बसतं. लाल रेघ म्हणजे ओटा.'

चौथी अडचण : क्रम. मुलाला 'के च्या आधी काय?' विचारलं की ते ए पासून सुरू करतं. क्रम गाण्यात अडकलेला आहे. तो सुटा करावा लागतो.

ही अडचण आपल्याला, म्हणजे मोठ्यांना, किती जाणवते? एक प्रयोग करून पाहा. जुन्नरपासून जवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीच्या वंशातली. तरीही त्या भिंतीपुढे उभं राहिलं की आपल्याला एक अक्षर लागत नाही. केंद्रातल्या एखाद्या बैठकीत ब्राह्मीची सहा अक्षरं कार्डांवर काढा आणि शिक्षकांनाच ओळखायला लावा. कोणतं कोणतं, वर कुठे, खाली कुठे, सगळा गोंधळ उडतो. पहिलीतल्या मुलाला फळ्याकडे पाहून काय वाटतं, ते दहा मिनिटांत कळतं.

साहित्य आणि पूर्वतयारी

१. २२ बाय २८ इंचाची कार्डशीट, दोन. पान अडीच बाय साडेतीन इंचाचं कापायचं, म्हणजे नेहमीच्या पत्त्याएवढं. एका शीटमधून ६४ पानं निघतात. ५२ अक्षरांची आणि १२ जास्तीची. दोन शीटांचे दोन संच होतात.

२. कार्डशीट नसेल तर जुन्या लग्नपत्रिका, खोक्यांचे पुठ्ठे चालतात. जुने पत्ते वापरायचे असतील तर दोन्ही बाजूंनी कोरा कागद चिकटवा.

३. मोठी अक्षरं निळ्या, लहान अक्षरं काळ्या स्केचपेनने. खाली लाल रेघ. पाठीमागची बाजू पूर्ण कोरी.

४. प्रत्येक संचासाठी कापडी पिशवी. पावसाळ्यात घाटमाथ्यावर कागद दमट होतो, म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली तर संच दोन-तीन वर्षं टिकतो.

अक्षरं काढायचं काम तिसरी-चौथीच्या मुलांना द्या. त्यांचाही सराव होतो आणि 'हे आमचे पत्ते' असं वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा त्यांनी महागडी साधनं मागवली नाहीत. शिंपले, दगड, पानं, बिया यांतूनच शिक्षण उभं केलं. आपल्याकडे तर निदान कार्डशीट आहे.

अक्षरांचे गट

सगळी अक्षरं एकदम काढू नका. ए बी सी डी या क्रमानेही जाऊ नका, कारण त्या क्रमात बी आणि डी जवळजवळ येतात आणि मूल गोंधळतं. पुढील चार गट वापरून पाहा.

पहिला गट : एस, ए, टी, एम, ओ, बी
दुसरा गट : पी, ई, एन, के, सी, एल
तिसरा गट : डी, आय, एच, आर, जी, यू
चौथा गट : एफ, जे, व्ही, डब्ल्यू, वाय, क्यू, एक्स, झेड

नीट पाहिलंत तर बी आणि डी वेगवेगळ्या गटांत आहेत. पी आणि क्यू, एन आणि यू, एम आणि डब्ल्यू हेही वेगळे. मोठा आय आणि लहान एल सारखे दिसतात, त्यांनाही लांब बसवलं आहे. एक गट पक्का झाल्याशिवाय दुसरा काढायचा नाही. चौथ्या गटात अक्षरं आठ आहेत, पण त्यातली बरीचशी दोन्ही रूपांत सारखी, म्हणून तो जड जात नाही.

पहिल्या गटाचं आणखी एक गुपित आहे, ते पुढे सांगतो.

खेळ १ : जोडी शोध

एका गटाची सहा मोठी आणि सहा लहान अशी १२ पानं घ्या. पिसून जमिनीवर तीन ओळींत पालथी मांडा. एका मुलाने दोन पानं उलटायची. दोन्ही एकाच अक्षराची (एक मोठं, एक लहान) निघाली तर अक्षराचं नाव मोठ्याने सांगून जोडी उचलायची. नाही निघाली तर पानं पुन्हा पालथी घालायची आणि पाळी पुढच्याची.

दोन ते चार मुलं खेळतात. वेळ दहा मिनिटं. इथे मूल अक्षर नुसतं पाहत नाही, ते लक्षात ठेवतं. पान उलटताना ते अक्षर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, म्हणजे जे मूल अजून अडखळतं त्याच्याही कानावर नाव पडत राहतं.

खेळ २ : अक्षरांचा भिकार-सावकार

हा खेळ आपल्या मुलांना सांगावाच लागत नाही. पानं वाटायची, पालथा गठ्ठा हातात धरायचा, एकेकाने वरचं पान मध्ये उघडं टाकायचं. टाकलेलं पान खालच्या पानाशी जुळलं की टाकणारा सगळा ढीग घेतो. ज्याची पानं संपली तो भिकारी, ज्याच्याकडे सगळी गेली तो सावकार.

इथे एक हिशोब महत्त्वाचा आहे. नेहमीच्या जोडात एका पानावर त्याच आकड्याचं पान पडायची शक्यता ५१ मध्ये ३, म्हणजे साधारण सतरा पानांत एकदा. आपल्या अक्षरांच्या एका संचात प्रत्येक अक्षराची दोनच पानं. मग शक्यता ५१ मध्ये १. सगळा जोड घेऊन बसलात तर पानं पडत राहतात, जुळत काहीच नाही, आणि मुलं पाच मिनिटांत उठतात. म्हणून दोन्ही संच एकत्र करा आणि फक्त एका गटाची पानं घ्या. सहा अक्षरं, प्रत्येकाची चार पानं (दोन मोठी, दोन लहान), एकूण २४. आता शक्यता २३ मध्ये ३, म्हणजे सुमारे आठ पानांत एकदा. खेळ पळायला लागतो.

आपला एक जादा नियम : ढीग उचलण्याआधी अक्षराचं नाव सांगायचं. नाही सांगता आलं तर जो आधी सांगेल त्याला ढीग. आठवडाभराने नियम कडक करा, मोठ्यावर लहान किंवा लहानावर मोठं पडलं तरच जुळणी धरा. डाव दहा मिनिटांत थांबवा आणि प्रत्येकाला आपली पानं मोजायला लावा. मोजणीचाही सराव झाला.

हा खेळ मला सर्वांत जास्त आवडतो, आणि त्याचं कारण नशीब. जोडी शोधमध्ये हुशार मुलगी नेहमी जिंकते. भिकार-सावकारात पान कोणाचं जुळेल ते कोणाच्याच हातात नसतं. वर्गात जे मूल कधीच पहिलं येत नाही, तेही इथे सावकार होतं. इंग्रजीच्या तासाला त्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू येणं ही फार मोठी कमाई आहे. त्याला नाव आठवत नसेल तर शेजाऱ्याने कानात सांगायची मुभा ठेवा. कानात ऐकलेलं अक्षर ढीग मिळवून देतं, आणि ढीग मिळवून दिलेलं अक्षर मूल विसरत नाही.

खेळ ३ : बदाम सातऐवजी मधला एम

हा खेळ क्रमासाठी. चारही गट झाल्यावरच घ्या. एक संच, ५२ पानं, चार खेळाडू, प्रत्येकाला १३. इंग्रजी मुळाक्षरांत एम हे तेरावं अक्षर, म्हणजे जवळजवळ मधलं. ज्याच्याकडे मोठा एम, त्याने तो मध्ये मांडून सुरुवात करायची. पुढच्याने त्याच्या एका बाजूला एल किंवा दुसऱ्या बाजूला एन लावायचा. लहान एम निघाला की त्याची दुसरी ओळ सुरू. लावण्यासारखं पान नसेल तर 'पास' म्हणायचं. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला.

आता मुलाला ए पासून गाणं म्हणत बसायला वेळ नसतो. हातात जे आहे. ते लावायला आधी के लागलेला हवा. 'के कोणी अडवून धरलाय रे?' असा आरडाओरडा सुरू झाला की समजा पाठ यशस्वी. एका बाजूला क्रम उलटा जातो (एल, के, जे, आय), हा उलटा क्रम गाण्यातून कधीच येत नाही. सुरुवातीला भिंतीवर अक्षरांची पट्टी लावलेली असू द्या, मुलं तिच्याकडे पाहोत. पंधरा दिवसांनी पट्टी झाका.

खेळ ४ : आवाजाचा डाव

जास्तीच्या १२ पानांवर चित्रं काढायची. आपल्याकडच्या तक्त्यांवर याक, झेब्रा, झायलोफोन असतात. मुलाने त्यातलं काहीही पाहिलेलं नसतं. अनोळखी अक्षर अनोळखी वस्तूला बांधलं तर दोन्ही सुटतात. उलट मुलाच्या तोंडी रोजच्या बोलण्यात कितीतरी इंग्रजी शब्द आहेत. आमची बारा चित्रं अशी : बस, कप, डॉक्टर, फॅन, गॅस, हेल्मेट, लाईट, मोटर, पंप, रबर, टोमॅटो, वायर.

या बारांची लहान अक्षरं मुलांना वाटा. चित्रांचा गठ्ठा मध्ये पालथा. एकाने चित्र उलटून शब्द म्हणायचा. ज्याच्या हातात त्या शब्दाचं पहिलं अक्षर, त्याने ते टाकून आवाज सांगायचा : 'हेल्मेट, ह, एच.' इथेच 'एच म्हणजे च' हा गैरसमज आपोआप गळून पडतो. सायकलचं चित्र मुद्दाम घेतलेलं नाही, कारण ती सी ने सुरू होते आणि आवाज स चा निघतो. ती भानगड दुसरीत बघू.

आता ते गुपित. पहिल्या गटातली फक्त चार अक्षरं घ्या : टी, ओ, एम, ए. दोन्ही संच मिळून पानं मांडा. टी, ओ, एम, ए, टी, ओ. टोमॅटो! नारायणगावच्या बाजारात ज्याची क्रेट भरभरून आवक होते, ज्याच्या तोडणीला मुलाची आई जाते, तो शब्द मूल पहिल्या गटातच स्वतःच्या हाताने मांडतं. त्याच गटातून बॅट आणि मॅटही होतात. दुसरा गट आला की पेन, कॅप, नेट, मॅप. अक्षरं शिकून मग पुढे कधीतरी वाचन, असं थांबायचं नाही. सहा अक्षरं आली की शब्द मांडायला सुरुवात.

'शाळेत पत्ते?'

हा प्रश्न येणारच, आणि तो विचारणाऱ्या पालकाचं काही चुकत नाही. पारावर बसून पैसे लावून खेळणारे त्याने पाहिलेले असतात, कुणाच्या घरात त्याची झळही बसलेली असते. म्हणून तीन पथ्यं पाळा. पानांवर बदाम, इस्पिक, राजा, राणी असलं काही नको. पैज कसलीही नको, गोळीची सुद्धा नाही. आणि खेळाचं नाव 'अक्षरपत्ते' ठेवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पालकसभेत आयांनाच खेळायला बसवा. मुलाने आईला अक्षर सांगायचं. पाहता पाहता सभेत हशा पिकतो आणि शंका उरत नाही. पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण आपल्याकडे पूर्वापार नव्हतंच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात गोल पानांवर विष्णूचे दहा अवतार रंगवलेले असतात. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० पानं. देवांची ओळख पत्त्यांतून होऊ शकते, तर अक्षरांची का नाही?

बहुवर्ग शाळेत कसं बसवायचं?

पत्ते हे साधन द्विशिक्षकी शाळेसाठीच जन्माला आलंय असं वाटतं. चौघांचा एक डाव बसवला की वीस मिनिटं ते आपापलं चालतं. तेवढ्यात आपण दुसऱ्या इयत्तेचं गणित घेऊ शकतो. प्रत्येक डावात एक तिसरी-चौथीचं मूल 'पंच' म्हणून बसवा. पंचाने उत्तर द्यायचं नाही, फक्त बरोबर की चूक ते ठरवायचं. आवणीला गेलेलं मूल परत आलं की त्याला गटातली १२ पानं पिशवीतून घरी द्या. घरी भावंडं असतात, संध्याकाळी लाईट गेली तरी पत्ते चालतात.

मूल्यमापन

कागदी परीक्षा नको. दर शनिवारी प्रत्येक मुलाला बाजूला घेऊन पिसलेली पानं एकेक दाखवा. मनात तीन मोजेपर्यंत नाव आलं तर पान उजवीकडे, थांबून आलं तर मध्ये, नाही आलं तर डावीकडे. एका मुलाला दोन मिनिटं पुरतात. वहीत फक्त मधली आणि डावीकडची अक्षरं लिहा. पुढच्या आठवड्यात त्या मुलाच्या डावात तीच पानं जास्त घाला. दोन महिन्यांनी ती वही उघडली की प्रत्येक मुलाचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. अधिकारी भेटीला आले तर हीच वही दाखवा.

खेळाने काय होत नाही?

हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पत्त्यांनी अक्षर ओळखता येतं, लिहिता येत नाही. लिहिण्यासाठी धुळीत, पाटीवर, हवेत गिरवणं वेगळं घ्यावंच लागतं. पत्त्यांनी वाक्य बोलता येत नाही. त्यासाठी रोज पाच-दहा सोप्या सूचना इंग्रजीतून द्यायला हव्यात. आणि ए बी सी डी चं गाणं बंद करायची काहीच गरज नाही. मुलांना ते आवडतं, म्हणू द्या. फक्त गाणं आलं म्हणजे अक्षरं आली, असं आपण धरून चालायचं नाही.

ओळख पक्की झाली की मुलांना बाहेर सोडा. रस्त्यावरच्या गाडीच्या पाटीवर एम एच १४ असतं. खताच्या गोणीवर डी ए पी असतं, बॅटरीवर, औषधाच्या बाटलीवर, बँकेच्या पासबुकावर अक्षरं असतात. 'आज घरी जाताना पाच अक्षरं शोधून या' एवढाच गृहपाठ द्या. दुसऱ्या दिवशी मुलं पाच सांगायची सोडून पंधरा सांगतात.

येत्या आठवड्यासाठी एवढंच करा. सोमवारी पहिल्या गटाची २४ पानं कापून घ्या. मंगळवार-बुधवार जोडी शोध. गुरुवार-शुक्रवार भिकार-सावकार. शनिवारी दोन मिनिटांची तपासणी, आणि जाता जाता प्रत्येकाकडून टोमॅटो मांडून घ्या. जे मूल सर्वांत मागे बसतं, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा बोलवा.